उभा टॉवर कूलर, ४० लिटर: ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यानंतर

मार्चअखेरीपासून पाऊस लागेपर्यंत हा कूलर रोज चालला. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५च्या वर जातो, तरी शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या घराच्या मधल्या खोलीला, खिडकी उघडी ठेवली की, तो पुरला. पॅड चांगले आहेत, पंपाचा आवाज नाही. पावसाळी दमट हवेत उपयोग नाही, पण तसा तो कुठल्याच कूलरचा नसतो.

मला लिहायचंय ते त्याच्या तोलाबद्दल. सासूबाई रात्री उठताना कूलरच्या वरच्या कडेला हात टेकतात, म्हणून मी हे नीट मोजलं.

रिकामा कूलर १४ किलोचा, उंची १०५ सेंमी. मोटर आणि पंखा वर, खाली नुसती प्लॅस्टिकची टाकी. फरशीवर लोखंडी पाइप ठेवून त्यावर कूलर आडवा टाकला आणि हळूहळू सरकवला. जिथे तो कुठल्याच बाजूला न झुकता थांबला ती जागा पायापासून ६५ सेंमीवर. तो त्याचा गुरुत्वमध्य; तो जितका खाली, तितका तोल पक्का. पुढचा हिशोब शाळेतलाच: प्रत्येक वजन गुणिले त्याची उंची, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन.

टाकीचा तळ फरशीपासून ८ सेंमीवर आहे आणि दर लिटरला पाणी अर्धा सेंमी चढतं. पहिले १० लिटर ओतले की गुरुत्वमध्य ६५ वरून थेट ४२ वर येतो. पुढच्या १० लिटरने ३४. त्यानंतरचे २० लिटर मिळून तो फक्त ३० पर्यंत उतरतो. म्हणजे खरं काम पहिली बादली करते. नवं वजन गुरुत्वमध्याला आपल्याकडे ओढतं, पण आधीचं वजन जितकं जास्त तितकी ती ओढ कमी पडते. भरलेल्या टाकीत पाण्याची पातळी २८ सेंमीवर असते, गुरुत्वमध्याच्या जरा खाली. पातळी त्याच्या वर गेली असती तर आणखी पाण्याने तो उलट वर चढू लागला असता.

बर्फाचा ट्रे अगदी वर, ९५ सेंमीवर आहे. टाकीत १० लिटर असताना तिथे ३ किलो बर्फ ठेवला की ४२ चे ४८ होतात. म्हणून बर्फ घालायचा तो टाकी निम्म्याच्या वर असतानाच. वितळून खाली आला की तोच बर्फ तोल सावरतो.

चाकांतलं अंतर ३६ सेंमी, म्हणजे मधोमधपासून १८. त्यावरून रिकामा कूलर साधारण १५ अंश कलला की आडवा होणार, भरलेला ३० अंशांपर्यंत टिकणार. ही दुसरी संख्या प्रत्यक्षात थोडी कमी धरा, कारण कलताना पाणीही त्याच बाजूला धावतं. उंबरठ्यावरून नेताना ते जाणवतं. अर्धी टाकी असताना तर मी कूलर हलवूच देत नाही.

चाकांना ब्रेक लावलेला असताना वरच्या कडेला आडवा किती जोर दिला की एक बाजू उचलली जाते? याला गुरुत्वमध्याची उंची लागत नाही, वजन आणि पाया लागतो. रिकाम्याला जेमतेम अडीच किलोचा जोर पुरतो, भरलेल्याला नऊ. अडीच किलो म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा नुसता टेकलेला हात. नळाला पाणी आलं नाही त्या दिवशीही झोपण्याआधी टाकीत एक बादली असायलाच हवी, आणि सासूबाईंच्या पलंगाशी आता भिंतीला पक्का धरायचा दांडा बसवलाय.

कूलर म्हणून पाचपैकी चार. एक गुण पायाचा कापला: एवढ्या उंचीला तो अजून हातभर नाही तरी चार बोटं रुंद हवा होता. दुकानात बघायला जाल तेव्हा टाकीचे लिटर विचारण्याआधी चाकांतलं अंतर टेपने मोजा, आणि कूलर रिकामा असतानाच वरून हलका ढकलून बघा.

आता डासांमुळे टाकी कोरडी करून ठेवली आहे. पाण्याच्या जागी तळाला चार विटा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आडव्या ठेवल्यात, साधारण १२ किलो. त्यामुळे गुरुत्वमध्य ४० च्या आसपास राहतो. मार्चमध्ये पंप लावण्याआधी त्या आठवणीने काढायच्या.