क्लीव्हर दुरुस्तीला देताय? आधी ब्लेडचा फोटो काढा

आम्ही नाशिकमध्ये ब्रॉडबँड जोडणीची आणि तुटलेली केबल जोडायची कामं घेतो. ऐन पावसाळ्यात, जेसीबीनं जागोजाग केबल तोडून ठेवलेल्या असताना, आमचा क्लीव्हर, म्हणजे ऑप्टिकल फायबरचं टोक सरळ तोडायचं हत्यार, त्रास द्यायला लागला. एरवी अर्ध्या अंशाच्या आत येणारा अँगल, म्हणजे तुटलेल्या टोकाचा तिरकेपणा, तीनच्या वर जायचा आणि स्प्लायसर, म्हणजे फायबरची टोकं वितळवून जोडणारं मशीन, जॉइंट मारायलाच नकार द्यायचा. फायबर धरणारे पॅड पुसले, आयपीएनं (साफसफाईच्या अल्कोहोलनं) ब्लेडची कड साफ केली, फरक शून्य. ब्लेडच्या सगळ्या जागा वापरून झाल्या होत्या, तेव्हा नवं टाकणं भागच होतं.

नव्या मुलांसाठी सांगतो. फुजिकुरा सीटी-३० सारख्या क्लीव्हरचं ब्लेड म्हणजे एक छोटी गोल चकती, तिच्यावर १ ते १६ आकडे. एक जागा बोथटली की चकती पुढच्या आकड्यावर फिरवायची. कंपनी सोळा जागांना मिळून ४८,००० कट सांगते, म्हणजे जागेमागे ३,०००. धुळीत-चिखलात बसून काम करणाऱ्याला तेवढे कुठले मिळायला!

शहरातल्याच एका टूल-रिपेअरवाल्यानं ‘ओरिजनल ब्लेड टाकून देतो’ म्हणून पूर्ण पैसे घेतले. क्लीव्हर परत देताना आमच्यासमोर फायबर कापून स्प्लायसरवर दाखवली. अँगल ०.४. पोरं खूश. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच रडगाणं.

उघडून पाहिलं तर आकडा ५ च्या शेजारी कडेला टवका! आमच्या जुन्या ब्लेडवर मागे पेचकस पडला होता, तिथलाच. ती जागा आम्ही कायम सोडून द्यायचो, म्हणून लक्षात होती. ब्लेड बदललंच नव्हतं. पठ्ठ्यानं ते साफ केलं होतं आणि उंचीचा स्क्रू फिरवून जरा वर घेतलं होतं.

समोरचा डेमो बघून आपण फसतो ते इथंच. क्लीव्हर काच चिरत नाही. १२५ मायक्रॉनच्या काचेवर बारीक ओरखडा काढतो आणि मग दाबानं ती तिथं मोडते. बोथट ब्लेड वर घेतलं की ओरखडा पुन्हा उमटतो, चार कट झकास येतात. झिजलेली कड मात्र झिजलेलीच राहते. ‘धार लावून देतो’ म्हणणारेही भेटतील, त्यांच्या नादी लागूच नका. ब्लेड कार्बाइडचं असतं, घासून त्याची गोलाई बिघडली की प्रत्येक आकड्यावर उंची वेगळी.

जाब विचारला तर म्हणाला, ‘साहेब, लॉटच तसा आलाय.’ टवक्यासकट, तोही पाचवरच? जुनं ब्लेड मागितलं तर ‘भंगारात गेलं.’ बिल काढलं, त्यावर ‘सर्व्हिस चार्ज’ एवढंच. ब्लेडचा उल्लेखच नाही, मग तक्रार तरी कशाची करणार?

आता ब्लेड आम्ही सीलबंद डबीत विकत आणतो आणि स्वतः बसवतो. तुम्हाला बाहेर द्यावंच लागलं तर चकतीचे दोन्ही बाजूंनी जवळून फोटो घ्या, काढलेलं ब्लेड हातात मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका आणि बिलावर ‘नवीन ब्लेड, १ नग’ असं लिहून घ्या. यातल्या कशालाही दुकानदार कां-कू करायला लागला, तर क्लीव्हर बॅगेत टाका आणि दुसरं दुकान बघा.