रो-हाऊस की जुळा बंगला?

बजेट बसत असेल तर सोलापुरात मी जुळा बंगलाच (दोन घरं, मध्ये एकच सामाईक भिंत) घ्या म्हणेन, आणि पहिलं कारण पाणी. नळाला रोज पाणी येत नाही. आलं की पुढच्या काही दिवसांचं साठवायचं. जुळ्या बंगल्याला एका बाजूला मोकळी जागा असते, तिथे मोठा हौद होतो. रांगेतल्या मधल्या रो-हाऊसच्या दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे हौद बहुतेक वेळा पार्किंगखाली. झाकण उघडायचं तर आधी गाडी बाहेर काढा.

उन्हाचं मात्र उलटं. मे महिन्यात पारा 42-43 वर गेला तरी मधल्या रो-हाऊसच्या बाजूच्या भिंतींना ऊन लागत नाही. जुळ्या बंगल्याची मोकळी भिंत पश्चिमेला असेल तर रात्री नऊलाही हात लावून बघा, तव्यासारखी लागते. पण तिला खिडकी काढता येते, संध्याकाळचा वारा आत येतो. स्लॅब दोन्हीकडे तापतोच.

शहराच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग असेल तर एक सामाईक भिंतही जड जाते. मांडणीतली भांडी थरथरतात. दोन्हीकडे माग म्हणजे झोपेचं खोबरं.

रो-हाऊस स्वस्त पडतं, हे खरं. तेच परवडत असेल तर रांगेतलं टोकाचं घर मागा, आणि सामाईक भिंत नऊ इंची की चार इंची, हे बयाणा देण्याआधी विचारा.