थेंब मोजून कळणारा पाण्याचा कठीणपणा: साताऱ्यात वापरलेल्या तपासणी किटचा अनुभव

साताऱ्याच्या उपनगरातील आमच्या घरी दोन तऱ्हेचे पाणी आहे: सकाळी तासभर येणारे कृष्णेचे नळाचे, आणि गच्चीवरच्या टाकीत चढवलेले बोअरचे. गीझरला बोअरचे पाणी जोडलेले होते आणि दोन वर्षांत त्याचे कॉइल दोनदा जळाले. दुसऱ्यांदा मिस्त्रींनी कॉइल बाहेर काढले, तेव्हा त्यावर पांढरट क्षाराचे इतके जाड कवच चढले होते की मूळ नळी दिसतच नव्हती. स्क्रू ड्रायव्हरने टोकरल्यावर अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे सुटून मोरीत पडले.

त्याच सुमारास दारावर आरओ, म्हणजे पाण्यातील क्षार काढणारे शुद्धीकरण यंत्र, विकणारे एक गृहस्थ आले. त्यांनी आमच्या नळाच्या पाण्यात दोन दांड्यांचे विजेवर चालणारे यंत्र बुडवले आणि मिनिटाभरात पाणी तपकिरी गाळाने भरून गेले. सासूबाईंनी त्या दिवसापासून नळाचे पाणी पिणे थांबवले. वस्तुतः तो गाळ पाण्यात आधीपासून नसतो. पाण्यातील क्षारांमुळे वीज वाहते, त्यामुळे लोखंडी दांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्याने वीज पुरेशी वाहत नाही आणि ते पाणी स्वच्छ दिसते. अशा प्रयोगावर विसंबून लोक हजारो रुपये खर्च करतात याचे मला फार वाईट वाटते, आणि म्हणूनच मी पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम क्षारांचे प्रमाण, मोजण्याचे काही शे रुपयांचे किट मागवले.

किटमध्ये एक खुणेची नळी आणि तीन बाटल्या आहेत. नळीत 5 मिलिलिटर पाणी घ्यायचे, पहिल्या बाटलीतील द्रावण व दुसऱ्यातील रंगाची पूड घालायची. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर ते डाळिंबी लाल होते. मग तिसऱ्या बाटलीतील थेंब एकेक करून टाकत, नळी हलवत राहायचे. लाल रंग जांभळ्यावरून स्वच्छ निळ्यावर आला की थांबायचे. एक थेंब म्हणजे लिटरमागे 25 मिलिग्रॅम कठीणपणा. पाणी अगदी हलके असल्यास 10 मिलिलिटर घ्यावे, म्हणजे एक थेंब निम्म्याचा, साडेबारा मिलिग्रॅमचा होतो आणि मोजमाप अधिक बारकाईने होते.

नळाच्या पाण्याला 5 थेंब लागले, म्हणजे सुमारे 125. बोअरच्या पाण्याला 21 थेंब लागले, म्हणजे 525. पेठेत राहणाऱ्या मावशीकडे कास तलावाचे पाणी येते. ते बाटलीत भरून आणले, तर 10 मिलिलिटरला तिसऱ्याच थेंबाला निळे झाले. कासच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, हे आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते आणि त्याचे कारण इथे डोळ्यांसमोर दिसले. कासच्या पठारावरच्या जांभ्यातील चुन्याचा अंश पावसाने केव्हाच धुऊन नेला आहे, त्यामुळे तलावात साठते ते जवळजवळ पावसाचेच पाणी. बोअरचे पाणी मात्र काळ्या पाषाणाच्या भेगांत मुरून राहिलेले असते आणि त्या मुक्कामात खनिजे उचलत जाते.

सर्वांत उपयोगी ठरली ती उकळलेल्या पाण्याची चाचणी. बोअरचे पाणी पंधरा मिनिटे उकळून, निववून, वरचे निवळ पाणी तपासले, तर 21 ऐवजी 12 थेंब पुरले. उरलेल्या नऊ थेंबांचा क्षार पातेल्याच्या बुडाशी पांढऱ्या पुडीसारखा बसला होता. गीझरच्या कॉइलवर चढतो तो हाच. टीडीएस मीटरवर हे कळत नाही, कारण तो पाण्याची वीजवाहकता पाहून एकूण क्षारांचा अंदाज देतो. साधे मीठ आणि चुनखडी त्याला सारखेच.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा 200 पर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. म्हणजे आमचे बोअरचे पाणी विषारी नव्हे, पण भांड्यांना, साबणाला आणि गीझरला महाग पडणारे आहे. नळाच्या पाण्याला कठीणपणासाठी आरओची गरजच नाही.

किटमधील उणिवाही सांगायला हव्यात. सूचना केवळ इंग्रजीत आणि फार बारीक अक्षरांत आहेत. जांभळा आणि निळा यांतला फरक पिवळ्या बल्बखाली कळत नाही, त्यामुळे चाचणी दिवसा खिडकीशीच करावी. बाटली तिरपी धरली तर थेंब लहान-मोठे पडतात आणि आकडा चुकतो. इथल्या पावसाळ्यात रंगाची पूड ओल धरून गोळा झाली. आता मी ती तांदूळ घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. तरीही तेच बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा अहवालात 510 आले. घरगुती साधनासाठी एवढी जवळीक मला पुरेशी वाटते.

जंतू, नायट्रेट किंवा क्लोरिन यांपैकी काहीही हे किट सांगत नाही. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असायला हवे. त्याची चाचणी वेगळी असते. पावसाळ्यात नदी गढूळ होते, तेव्हा ती अवश्य करावी आणि शंका आल्यास जंतूंसाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा.

आरओ आम्ही घेतला नाही. नळाचे पाणी गाळून, उकळून पितो. सासूबाईंनी पाचवा थेंब पडताच निळी झालेली नळी स्वतः पाहिली, त्यानंतर त्यांचीही भीती गेली. गीझरची जोडणी प्लंबरकडून नळाच्या टाकीवर वळवून घेतली. सहा महिन्यांनी कॉइल उघडून पाहिले, तर त्यावर बोटाने पुसता येईल एवढाच पांढरा थर होता.