राउटांची यादी: एक्सप्रेस आणि फास्टिफाय काही महिने वापरल्यानंतर

रत्नागिरी परिसरातील बागायतदारांच्या हापूस पेट्यांची नोंदणी, रवानगी आणि हिशेब सांभाळणारे ॲप्लिकेशन आम्ही नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेवर) चालवतो. हंगामात रोज नवी मागणी येते आणि तिच्यासोबत नवे राउट (म्हणजे विनंत्या स्वीकारणारे पत्ते) वाढत जातात, त्यामुळे सर्व्हरवर या क्षणी नेमके कोणते दरवाजे उघडे आहेत, याचे उत्तर कोड वाचून नव्हे तर चालू ॲप्लिकेशनकडूनच मिळायला हवे, असे माझे ठाम मत झाले आहे.

एक्सप्रेस या नोडवरील वेब फ्रेमवर्कच्या चौथ्या आवृत्तीत यासाठी अधिकृत सोय नाही. ॲपवरील अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या 'राउटर' या खासगी गुणधर्मातील 'स्टॅक', म्हणजे नोंदवलेल्या थरांची यादी, वाचावा लागतो, आणि पहिला राउट किंवा मिडलवेअर (विनंतीवर वाटेत काम करणारे फंक्शन) नोंदवला जाईपर्यंत तो गुणधर्म अस्तित्वातच येत नाही. स्टॅकमधील ज्या थराला 'राउट' आहे, त्याचा मार्ग आणि पद्धती ('गेट', 'पोस्ट' यांसारखे विनंतीचे प्रकार) सहज मिळतात. मात्र 'हिशेब' या उपसर्गाखाली जोडलेल्या स्वतंत्र राउटरचा (राउटांच्या गटाचा) उपसर्ग तेथे सरळ लिहिलेला नसतो; तो रेग्युलर एक्स्प्रेशनमधून (मजकूर जुळवण्याच्या सूत्रातून) उलटा उलगडावा लागतो. हा सगळा खटाटोप 'एक्सप्रेस-लिस्ट-एंडपॉइंट्स' हे पॅकेज करते आणि प्रत्येक मार्गासमोर त्याच्या पद्धती व मिडलवेअरची नावे देते.

या नावांच्या रकान्याने आम्हाला सर्वांत जास्त उपयोग झाला. बागायतदाराच्या बँक खात्याचा तपशील देणाऱ्या राउटसमोर प्रवेशतपासणीचे नाव आहे की नाही, हे यादीवर नजर टाकताच दिसते. त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली, प्रत्येक फंक्शनला नाव हवे, नाहीतर तेथे केवळ 'ॲनॉनिमस' एवढेच छापले जाते. दुसरी अधिक महत्त्वाची: 'यूज' या फंक्शनने संपूर्ण राउटरवर लावलेली तपासणी या रकान्यात येत नाही, कारण पॅकेज फक्त राउटच्या स्वतःच्या स्टॅकमधील फंक्शने पाहते. म्हणून संवेदनशील राउटांवर आम्ही तपासणी थेट राउटवरच लावतो. थोडी पुनरुक्ती होते, पण यादी विश्वासार्ह राहते. पेट्यांची छायाचित्रे देणारा स्थिर फायलींचा भागही मिडलवेअर असल्यामुळे यादीत दिसत नाही, त्याची नोंद वेगळी ठेवावी लागते.

यादीतील क्रमही पाहण्यासारखा असतो. एक्सप्रेस नोंदणीच्या क्रमाने जुळणी करत असल्यामुळे 'पेट्या/:आयडी' (':आयडी'च्या जागी कोणताही शब्द चालतो) हा राउट 'पेट्या/शिल्लक'च्या आधी आला, तर शिल्लक विचारणारी विनंती आधी पहिल्याच राउटकडे जाते.

पाचवी आवृत्ती 2024 मध्ये आली. तीत 'ॲप.राउटर' उघडपणे उपलब्ध आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु थरांवरचे ते रेग्युलर एक्स्प्रेशन आता नाही. जुळणीचे काम बंदिस्त फंक्शने करतात आणि त्यांच्यातून जोडलेल्या राउटरचा उपसर्ग परत मिळत नाही. चौथ्या आवृत्तीसाठी घरी लिहिलेली उलगडणी येथे निरुपयोगी ठरते. आम्ही राउटर जोडण्यासाठी एक छोटे फंक्शन ठेवले आहे, जे जोडतानाच उपसर्ग टिपून ठेवते. काम भागते, पण एवढ्या मूलभूत गोष्टीची जबाबदारी फ्रेमवर्कने घ्यायला हवी होती.

फास्टिफाय या नोडवरील दुसऱ्या फ्रेमवर्कने ती घेतली आहे. रवानगीची नवी सेवा आम्ही त्यावर बांधली. 'रेडी' पूर्ण झाल्यावर 'प्रिंटराउट्स' बोलावले की सर्व राउट झाडाच्या आकारात छापले जातात. मूळ मांडणीत मार्ग समान अक्षरांवर तुटतात आणि वाचणे अवघड जाते, म्हणून 'कॉमनप्रिफिक्स' बंद ठेवावा. यंत्राने वाचण्याजोगी यादी हवी असेल तर 'ऑनराउट' हूक (प्रत्येक राउट नोंदवताना आपोआप चालणारे फंक्शन) उत्तम, मात्र तो राउट नोंदवण्याआधी लावला पाहिजे. आधी नोंदवलेले राउट त्याला कळत नाहीत. फास्टिफायच्या चौथ्या आवृत्तीपासून प्रत्येक 'गेट'सोबत 'हेड' (उत्तराची फक्त शीर्षमाहिती मागणारी पद्धत) आपोआप नोंदवला जातो, त्यामुळे यादी अपेक्षेपेक्षा लांब दिसली तर गोंधळून जाऊ नये.

दोन्ही सेवांच्या याद्या आम्ही चाचणीच्या वेळी फाइलमध्ये लिहून गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवतो. नवा राउट आला किंवा जुना गेला की तो फरक कोडच्या तपासणीत आपोआप समोर येतो, आणि बागायतदारांचा तपशील पाहणाऱ्या सहकाऱ्याला संपूर्ण कोड न वाचताही प्रश्न विचारता येतो. ही यादी चालू सर्व्हरवर एखाद्या पत्त्यावरून दाखवण्याची सोय मात्र आम्ही ठेवलेली नाही. ती चाचणीतच तयार होते आणि रेपॉझिटरीतच राहते.