नागपुरी पत्र्याचा कूलर: उन्हावर उतारा, धुरावर नाही

आधी निकाल सांगून टाकू. स्थानिक कारखान्यात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा ठोकलेला, तीन बाजूंना ताट्या (पाण्याने ओले राहणारे पॅड) आणि समोर अठरा इंची पंखा असलेला खिडकीचा कूलर नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात आजही पैशाला सगळ्यात जास्त गारवा देतो. त्याच्यात खोट एकच आहे, पण मोठी. तो बाहेरची हवा आहे तशी घरात ओढतो. भांडेवाडीचा कचरा डेपो धुमसत असेल, तर तो धूरही तितक्याच इमानदारीने आत आणतो.

२०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचे सांगितले. पण खरे आकडेही पुरेसे भाजणारे असतात, नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांच्या आसपास ४४ ते ४६ अंश इथे कुणाला नवे वाटत नाहीत. कूलरच्या दृष्टीने मात्र पारा अर्धीच गोष्ट सांगतो, उरलेली अर्धी आर्द्रता सांगते. दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हवा पाण्याने फार तर २३ अंशांपर्यंत गार होऊ शकते. चांगल्या ताट्या त्या फरकातला ७० ते ८० टक्के भाग गाठतात, म्हणजे जाळीतून २७ ते ३० अंशांची हवा येते. आता जूनमधली दुपार घ्या. पारा ३८, आर्द्रता ५५ टक्के. तोच कूलर, त्याच ताट्या, पण हवा ३२ च्या आसपास आणि वर चिकचिक. तेव्हा मृगात कूलर ‘बिघडला’ म्हणून मेकॅनिकला फोन करू नका.

खरेदीला गेल्यावर पत्र्याचा गेज विचारा. आकडा लहान तितका पत्रा जाड, त्यामुळे २२ किंवा २४ गेज चालेल, २६ गेजची टाकी दोन-तीन उन्हाळ्यांत कोपऱ्यातून झिरपू लागते. टाकीला आतून डांबराचा हात दिलेला असावा. मोटर तांब्याच्या वायंडिंगची घ्या आणि ते बिलावर लिहून घ्या, तोंडी शब्दाला जूनमध्ये किंमत राहत नाही. दुकानात कूलर ताट्यांशिवाय चालवून दाखवतात, तेव्हा वारा जोरदार वाटणारच. ओल्या ताट्या बसल्या की वारा चांगलाच घटतो, म्हणून स्टिकरवरच्या सीएफएममधून (मिनिटाला किती घनफूट हवा, तो आकडा) तिसरा हिस्सा वजा करून हिशेब धरा. हिशेबही सोपा आहे. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत गुणा आणि दोनाने भागा. १२ बाय १२ ची, दहा फूट उंच खोली असेल तर ७२० सीएफएम पुरतात. अठरा इंची पंखा याच्या कितीतरी पुढे असतो, त्यामुळे तो हॉल आणि लगतच्या दोन खोल्यांसाठीच घ्यावा. एका खोलीत तो बसवला तर रात्री पांघरूण लागते आणि कॅलेंडर भिंतीवर फडफडत राहते.

कूलरचा जीव ताट्यांत असतो. बाजारात तीन पर्याय मिळतात. वुडवुल, म्हणजे लाकडाच्या बारीक सालींचे गवत, सगळ्यात स्वस्त आणि नवे असताना उत्तम. पण महिनाभरात ते ओझ्याने खाली बसते आणि वरच्या कडेला दोन-तीन सेंटिमीटरची फट पडते. हवेला कमी अडथळ्याची वाट मिळाली की ती तिकडूनच जाते, आणि मग ताटी ओली असूनही खोलीत गरम झोत येतो. तपासायचे असेल तर रात्री दिवे घालवून कूलरच्या आत टॉर्च लावा आणि मागून पाहा. जिथे उजेड आरपार दिसेल तिथे गवत भरा. नवी ताटी बसवण्याआधी बादलीत भिजवून दोनदा पाणी बदला, नाहीतर सुरुवातीचा तांबूस रंग आणि भुसा थेट पंपात जातो. वाळ्याचा सुवास मन प्रसन्न करतो यात शंका नाही, पण दाट बांधलेला वाळा वारा अडवतो. हौस असेल तर तिन्ही बाजूंना न लावता एकाच बाजूला वाळा आणि दोन बाजूंना गवत लावावे.

हनीकोम्ब, म्हणजे पुठ्ठ्यासारख्या पन्हळी पॅडची किंमत गवताच्या कितीतरी पट असते. चार इंची जाडीचे पॅड घेतले तर गारवा नक्कीच जास्त मिळतो आणि ते दोन-तीन उन्हाळे टिकते. इथे बसवणाऱ्याची एक चूक सर्रास दिसते. या पॅडमध्ये पन्हळींचे दोन कोन असतात, एक जास्त उभा आणि एक आडवट. जास्त उभी पन्हळ बाहेरच्या, म्हणजे हवा शिरते त्या बाजूकडे खाली उतरली पाहिजे, म्हणजे वाऱ्याने आत ढकलले जाणारे पाणी पुन्हा बाहेरच्या तोंडाकडे येते. उलट बसवले तर खोलीत तुषार उडतात, गादी ओली होते आणि दोष पंख्याला दिला जातो. पॅडच्या कडेवर बाणाची खूण असेल तर ती बघा, नसेल तर कोन डोळ्यांनी ताडा.

पाणी किती लागते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. ताशी तीन हजार घनमीटर हवा फेकणारा कूलर भर दुपारी तासाला वीसेक लिटर पाणी उडवतो. म्हणजे ८० लिटरची टाकी चार तासांत तळ गाठते. नळाला जोडलेला फ्लोट व्हॉल्व्ह नसेल तर दुपारची झोप विसरा. पंप कोरडा चालला की आधी गरम होतो, मग जळतो. आता बर्फाबद्दल. पाच किलो बर्फ वितळून जेवढी उष्णता घेतो, तेवढी पाऊण लिटरहूनही कमी पाणी उडताना घेते. वर सांगितलेल्या कूलरला तेवढे पाणी उडवायला दोन मिनिटे लागतात. बर्फ सरबतात टाका.

पाणी उडते, क्षार मागे राहतात. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या ताट्यांवर एप्रिल संपता संपता पांढरा थर दिसतो. नळाचे पाणी मिळत असेल तर तेच द्या. बोअरचेच द्यावे लागत असेल तर रोज सकाळी बूच उघडून टाकीतले उरलेले पाणी झाडांना सोडा. वरच्या भोकांच्या नळीत क्षार अडकले की ताटीवर कोरडे पट्टे पडतात. ती भोके दाभणाने मोकळी करावीत, मोठी करू नयेत, नाहीतर सगळे पाणी पहिल्या भोकांतूनच पडते. हनीकोम्बवर थर बसला असेल तर सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण तासभर फिरवून काढून टाका. ब्रश मारू नका, पन्हळी फाटतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासणे हे डेंग्यूच्या डासासाठी आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडाच लागतो, आणि अंडी काठाला चिकटलेली असतात म्हणून नुसते पाणी सोडून भागत नाही.

कूलर लावून दारे-खिडक्या बंद करणारी घरे अजून आहेत. एसीची सवय कूलरला लावली की तासाभरात भिंती दमट आणि माणसे घामाघूम. आलेली हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला वाट हवी, प्रत्येक हजार सीएफएममागे साधारण दोन चौरस फूट. त्या खिडकीच्या जाळीला कागदाचा तुकडा लावून बघा. तो हलकेच चिकटून राहिला तर वाट बरोबर आहे. पडला तर उघडझाप कमी-जास्त करून पुन्हा बघा.

विजेचा खर्च हा या कूलरचा सगळ्यात मोठा गुण. मोटर आणि पंप मिळून दोनशे-अडीचशे वॉट, म्हणजे आठ तासांना जेमतेम दोन युनिट. पण पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आहेत, त्यामुळे इथे काटकसर करू नका. तीन पिनांचा प्लग, खरोखर जोडलेले अर्थिंग आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच), एवढे नसेल तर कूलर लावू नये. पंपाच्या वायरचा जोड पाण्याच्या पातळीच्या वर असावा. पाणी भरताना, ताटी चाचपताना स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. पंखा मंद फिरू लागला तर आधी कंडेन्सर बदलून बघा, स्वस्तात सुटका होते. हाताने फिरवताना दांडा खरखरला तर बुश गेलेला असतो. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटर घूं करते आणि तापते, तिथे साइन वेव्हचाच इन्व्हर्टर हवा.

आता धूर. विदर्भात उन्हाळा आणि आग यांचा मोसम एकच आहे. मोहफूल वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही आग लावतात, आणि ती जंगलात पसरते. खरिपाच्या तयारीत शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या पेटतात. शहरात कचऱ्याचे ढीग आतून धुमसतात, मिथेनमुळे दिवसेंदिवस विझत नाहीत. उष्णता आणि धूर एकाच वेळी शहरावर बसले की काय होते, ते मॉस्कोने २०१० च्या उन्हाळ्यात पाहिले. पारा ३८ च्या वर, भोवतालची जंगले आणि दलदली पेटलेल्या, आणि शहरात नेहमीपेक्षा सुमारे ११ हजार मृत्यू जास्त. उकाडा म्हणतो खिडकी उघड, धूर म्हणतो लाव.

ओली ताटी धूळ आणि राखेचे जाड कण पकडते, म्हणून धुराच्या दिवसांत टाकीचे पाणी काळपट होते आणि कूलर हवा धुतो असा समज होतो. फुप्फुसात खोल जाणारे पीएम २.५ कण मात्र बहुतेक सगळे आरपार येतात. मागच्या बाजूला फिल्टरचे कापड किंवा हेपा (अतिबारीक कण अडवणारी) जाळी बांधण्याचा सल्ला ऐकू नका. कूलरच्या पात्यांच्या पंख्याला तेवढा दाब निर्माण करता येत नाही, वारा मरतो, मोटर तापते आणि फटींतून हवा शिरतेच. कूलर चालू ठेवून शेजारी एअर प्युरिफायर लावणेही फुकट. १२ बाय १२ च्या खोलीला ताशी दोनशे घनमीटरचा प्युरिफायर चांगला म्हणायचा, पण साधा कूलरसुद्धा त्याच वेळात बाराशे घनमीटर नवी धुरकट हवा आत ढकलत असतो.

उपयोगी पडते ती वेळेची विभागणी. दुपारी तापलेली हवा वर उठते आणि धूर उंच पसरून विरळ होतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन स्थिर बसते आणि धूर वस्तीत मुरतो, साधारण रात्री दहापासून सकाळी आठपर्यंत. म्हणून दूरच्या धुरात दुपारी बारा ते सहा कूलर चालवा, आणि रात्री वास येऊ लागला की बंद करून मागच्या तिन्ही बाजू ताडपत्रीने झाका, कारण बंद कूलर म्हणजे भिंतीतले मोठे भोकच. एक खोली निवडून दाराखाली ओला टॉवेल लावा, आत छताचा पंखा आणि असेल तर प्युरिफायर. स्प्लिट एसी खोलीचीच हवा फिरवतो, तो चालेल. खिडकीच्या एसीची बाहेरच्या हवेची झडप बंद हवी. केंद्रीय प्रदूषण मंडळाचे समीर अॅप बघा, पण त्यातला निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर असतो, ताज्या धुराला तो उशिरा पोचतो. नाकाला आधी कळते.

धूर शेजारच्याच वस्तीतून येत असेल आणि तोही भर दुपारी, तर निवड अवघड होते. घरात म्हातारी माणसे किंवा तान्हे बाळ असेल, एसी नसेल आणि खोली ३८-४० वर गेली असेल, तर उष्णतेचा धोका जवळचा आहे. कूलर चालू ठेवा, दम्याच्या माणसाला दुसरीकडे हलवा. पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला की नुसत्या पंख्यावर विसंबू नका, तो गरम हवाच अंगावर मारतो. ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली बसणे त्यापेक्षा बरे.

धूर ओसरल्यावर ताट्या साध्या पाण्याच्या हलक्या धारेने बाहेरून आत न मारता आतून बाहेर धुवा, टाकीतला गाळ काढा, पंपाची जाळी साफ करा. जळक्या प्लास्टिकचा वास गवतात मुरला असेल तर तो जात नाही, ताटी फेकून नवी घाला. पाऊस लागला की ताट्या काढून टाका, टाकी कोरडी पुसा, गंज खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्या आणि बूच उघडे ठेवूनच कूलर झाका.