एनसीआरबीचा ‘क्राइम इन इंडिया’ : फुकट मिळतो, पण भाजक तपासून घ्या

कोण मारलं जातं, कोण पळवलं जातं, मार खाणारी माणसं कोणत्या वयाची आणि कोणत्या समाजाची, याचं देशभराचं उत्तर देऊ पाहणारं आपल्याकडे एकच प्रकाशन आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचा, म्हणजे एनसीआरबीचा वार्षिक अहवाल. मालिका 1953 पासूनची, ब्युरो 1986 चा. संकेतस्थळावर तीन खंडांची पीडीएफ मिळते आणि तक्त्यांच्या एक्सेल फाइलीही. नोंदणी नाही, पैसे नाहीत. फक्त माल शिळा असतो : 2022 चा अहवाल डिसेंबर 2023 मध्ये आला, आणि 2023 च्या अहवालासाठी सप्टेंबर 2025 संपेपर्यंत थांबावं लागलं.

पीडीएफ सुरुवातीपासून वाचायला घेऊ नका. तक्त्यांच्या क्रमांकात बहुतेक ठिकाणी ‘ए’ म्हणजे राज्यं आणि ‘बी’ म्हणजे महानगरं. 3ए महिला, 4ए मुलं, 6ए ज्येष्ठ नागरिक, 7ए अनुसूचित जाती, 9ए सायबर. हवा तो तक्ता एक्सेलमध्ये उतरवा आणि आकड्याआधी तळटीप वाचा. निम्मी भानगड तळटिपेत असते.

सर्वांत भरवशाचा भाग खुनाचा. मृतदेह लपवणं अवघड, त्यामुळे इथे नोंद आणि वास्तव यांत अंतर कमी. बळींची वय आणि लिंग अशी उभी-आडवी मांडणी सहा वर्षांखालच्या मुलापासून साठीपुढच्या माणसापर्यंत मिळते, कारणांचा तक्ता वेगळा. 2022 मध्ये खुनाचे 28,522 गुन्हे. त्यांतले 9,962 वादावादीतून, 3,761 वैरातून, आर्थिक लाभासाठी फक्त 1,884. म्हणजे रात्रीच्या अनोळखी दरोडेखोरापेक्षा बांधावरचा शेजारी आणि घरातलं भांडण कितीतरी जास्त जीव घेतं. बळींत दहातले सात पुरुष, आणि बहुतेक मथळे इथेच थांबतात.

पण हुंडाबळी या तक्त्यात नाहीत. त्यांचं शीर्षक वेगळं, आणि 2022 मध्ये तिथे 6,450 गुन्हे होते. खुनाच्या तक्त्यात स्त्रिया आठ हजारांच्या थोड्या वर. दोन्ही आकडे एकत्र केले की स्त्रियांचा वाटा तिसाच्या आसपासचा थेट चाळीस टक्क्यांवर जातो. मुद्दा खुनाचा नसून वर्गवारीचा आहे, आणि अहवाल ही बेरीज करून देत नाही. ती आपणच करायची.

आता दर. उत्तर प्रदेशात 2022 मध्ये महिलांविरुद्धचे 65,743 गुन्हे नोंदले गेले, देशात सर्वाधिक. महाराष्ट्र 45,331 सह दुसरा. पण लाख महिलांमागे दर पाहा : उत्तर प्रदेश 58.6, महाराष्ट्र 75.1, देशाची सरासरी 66.4, दिल्ली 144.4. पहिला नंबर मिळालेलं राज्य सरासरीच्या खाली! यावरून उत्तर प्रदेश सुरक्षित ठरवाल तर तीही चूकच. दर दोन गोष्टींनी वाढतो, गुन्हे वाढले म्हणून किंवा पोलीस तक्रार घेऊ लागले म्हणून. केरळचा एकूण दर वर्षानुवर्षं वर राहतो तो बराचसा दुसऱ्या कारणाने. ठाणे अंमलदाराने ‘एनसी’ (अदखलपात्र नोंद) करून बाईला परत पाठवलं, तर ती या दखलपात्र गुन्ह्यांच्या तक्त्यात कुठेच येत नाही. ब्युरो हे प्रस्तावनेत बजावून सांगतो, पण प्रस्तावना वाचतो कोण?

खरी गडबड भाजकात, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागून दर काढतात तिच्यात आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही. राज्यांसाठी अंदाजित लोकसंख्या वापरतात, ते ठीक. महानगरांसाठी मात्र 2011 चीच लोकसंख्या, आणि तीही नागरी समूहाची. मुंबईसमोर 184 लाख दिसतात, ते ठाणे, नवी मुंबई, कल्याण धरून. महापालिका हद्दीतली मुंबई 2011 मध्ये 124 लाखांची होती. समजा 50,000 गुन्हे आहेत. 184 लाखांनी भागले तर दर 272, 124 लाखांनी भागले तर 403. एकाच अंशाचे दोन निकाल, म्हणून अंशात कोणकोणती पोलीस आयुक्तालयं धरली आहेत ते जिल्हावार तक्त्याशी ताडून पाहिल्याशिवाय मुंबईची दिल्ली-कोलकात्याशी तुलना छापू नका. ‘सर्वांत सुरक्षित शहर’ छापाच्या बातम्या जवळजवळ सगळ्या इथे घसरतात.

अनुसूचित जाती-जमातींच्या प्रकरणातही हाच घोळ. 2022 मध्ये अनुसूचित जातींविरुद्ध 57,582 गुन्हे आणि दर 28.6, पण भाजक 2011 चे सुमारे 20 कोटी 14 लाख लोक. समाज वाढला, भाजक गोठलेला, म्हणून दर थोडा फुगतो. यात आरोपी त्या समाजाबाहेरचा असेल तेवढेच गुन्हे मोजले जातात, हेही ध्यानात ठेवा. जमातींच्या आकड्यात 2023 मध्ये एकदम उडी दिसते, 10,064 वरून 12,960. देशभर अत्याचार वाढले असं लिहिण्याआधी मणिपूरची ओळ बघा : 1 वरून 3,399. वाढीचं सगळं गणित त्या एका ओळीत आहे.

अपहरणाचा तक्ता सर्वांत फसवा. 2022 मध्ये 1,10,140 बळी, त्यांत 88,861 स्त्रिया व मुली, आणि एकूण बळींपैकी 76,069 अल्पवयीन. वाचून धडकी भरते. पण हरवलेल्या मुलाची नोंद अपहरण म्हणून घ्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. शिवाय सोळा-सतरा वर्षांच्या मुली मनाने निघून गेल्या की आईबाप अपहरणाचीच फिर्याद देतात. मुलांची खरी तस्करी आणि प्रेमप्रकरण एकाच रकान्यात. वयोगट आणि उद्देश हे दोन तक्ते शेजारी ठेवल्याशिवाय यातून काही लिहू नये.

सायबरचा आकडा तर दाराची फट आहे. 2022 मध्ये गुन्हे 65,893, त्यांतले 64.8 टक्के फसवणुकीच्या हेतूने. त्याच वर्षी राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रारी दहा लाखांच्या घरात. ज्येष्ठांच्या प्रकरणात (28,545 गुन्हे) फसवणुकीला वेगळी ओळ आहे, तेवढं बरं.

नसलेल्या गोष्टींची यादी लांब आहे. साध्या मारहाणीत किंवा चोरीत बळीची जात, धर्म, उत्पन्न, शिक्षण काहीच मिळत नाही. ऑनर किलिंग हे खुनाच्या कारणांत आहे, पण अख्ख्या देशासाठी आकडा दोन अंकी, यावर भाष्य नको. एका एफआयआरमध्ये पाच कलमं लागली तरी मोजणीत सर्वांत जड एकच येतं. त्यामुळे बायकांवरचे हलके गुन्हे जड गुन्ह्याखाली झाकले जातात.

मग जोडीला काय घ्यायचं? घरगुती हिंसेसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. पाचव्या फेरीत (2019-21) 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 29.3 टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं, आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या फक्त 14 टक्के. याच्यासमोर पती-नातेवाइकांच्या क्रौर्याचे वर्षाला सुमारे 1 लाख 40 हजार गुन्हे ठेवा, म्हणजे चौकीपर्यंत किती कमी पोचतं ते कळेल. आरोपींची सामाजिक बाजू हवी असेल तर ब्युरोचाच तुरुंग अहवाल : जात, धर्म, शिक्षण सगळं आहे. अनुसूचित जाती लोकसंख्येत 16.6 टक्के, कच्च्या (खटल्याचा निकाल न लागलेल्या) कैद्यांत पाचातला एक. 2022 अखेर 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 कच्चेच होते, तेव्हा हा तुरुंगातल्यांचा आरसा आहे, गुन्हेगारांचा नाही. अमेरिकेत 1973 पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये 1982 पासून घरोघरी जाऊन ‘तुमच्यावर गुन्हा झाला का’ विचारणारी सर्वेक्षणं चालू आहेत. आपल्याकडे त्या तोडीचं राष्ट्रीय काही नाही, दिल्ली-मुंबईसारख्या मोजक्या शहरांपुरते काही प्रयत्न झाले.

महाराष्ट्रावर काम असेल तर पुण्याच्या सीआयडीचा राज्य अहवालही पाहा. आणि जुन्या वर्षांच्या एक्सेल फाइली आत्ताच उतरवून ठेवा. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. पती-नातेवाइकांच्या क्रौर्याच्या 498अ ची जागा कलम 85-86 ने घेतली, हिसकावून नेणं हा 304 खाली स्वतंत्र गुन्हा झाला. 2024 ची सहामाही जुन्या कलमांची, सहामाही नव्या. जुनी-नवी कलमं जुळवणारा स्वतःचा तक्ता हाताशी नसेल, तर त्या वर्षाची आधीच्या वर्षांशी तुलना करायला बसू नका.