आठ महिने ई-रीडर वापरल्यावर: 'खऱ्या ठरलेल्या' कादंबऱ्यांसाठी घेतला होता

गेल्या दिवाळीत सहा इंची ई-रीडर घेतला, त्याला आता आठ महिने झाले. मी सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. नाशिकरोडहून बसने जाता-येता रोज दीडेक तास मिळतो. ठरवलं होतं की ज्या कथांमधले अपघात पुढे खरे झाले असं व्हॉट्सॲपवर फिरतं, त्या मुळातून वाचायच्या.

आधी यंत्राबद्दल. बसच्या खिडकीतून थेट ऊन आलं तरी पडदा कागदासारखा स्वच्छ दिसतो, मोबाइलसारखे डोळे चुरचुरत नाहीत. चार्जिंग मला दोन आठवडे आरामात पुरतं. मराठीत मात्र त्रास आहे. स्वतः टाकलेल्या फाइलमध्ये जोडाक्षरं सुटी पडतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. देवनागरी फाँट वेगळा टाकल्यावर बरंच सुधारलं, पण मराठी शब्दकोश अजून नाही. आणि स्कॅन केलेली पीडीएफ वाचणार असाल तर सहा इंची अजिबात घेऊ नका. एकेक पान चार वेळा सरकवावं लागतं.

हे मी अनुभवावरून सांगतोय, कारण मॉर्गन रॉबर्टसनच्या लघुकादंबरीपायी मी ते महिनाभर केलं. 'टायटन' नावाचं न बुडणारं म्हणून गाजलेलं जहाज एप्रिल महिन्यात उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगावर आदळून बुडतं. लिहिलंय १८९८ साली. टायटॅनिक बुडालं १९१२ साली, तेही एप्रिलमध्येच. नेटवर सहज फुकट मिळणारा मजकूर दुर्घटनेनंतर निघालेल्या १९१२ च्या आवृत्तीचा आहे. जुन्या आवृत्तीचं स्कॅन मिळवून ताडून पाहिलं, तर टायटनचं वजन ४५,००० टनांवरून ७०,००० टन झालेलं! म्हणजे दुर्घटनेनंतर आकडे वाढवले. तुम्ही वाचणार असाल तर कुठली आवृत्ती हातात आहे ते आधी बघा.

तरी मूळ गाभा १८९८ चाच आहे, आणि तो वाचताना मी बसमध्ये थांबा चुकवला. जहाजावर जीव वाचवायच्या २४ बोटी, कायद्याला पुरतील तेवढ्याच. सोडल्याच तर माणसं मावणार ५००. त्या बोटी वरच्या डेकवर, कव्हर घालून, दोरांनी आवळून ठेवलेल्या. रॉबर्टसन जहाजाच्या कप्तानाचा मुलगा, स्वतः तरुणपणी कित्येक वर्षं व्यापारी जहाजांवर काढलेली. त्याला दिव्यदृष्टी कशाला हवी? ब्रिटिश नियमात बोटींचा तक्ता १०,००० टनांच्या जहाजापाशी संपत होता, त्यापुढे कितीही मोठं जहाज असलं तरी १६ बोटी पुरे. टायटॅनिक ४६,००० टनांचं, बोटी २०, म्हणजे नियमापेक्षा चार जास्तच. जागा ११७८ जणांना, जहाजावर माणसं सुमारे २२००. कागदोपत्री सगळं बरोबर, आणि सुमारे १५०० माणसं गेली. आमच्या कामात 'निअर मिस' म्हणून एक नोंद असते: अपघात झाला नाही, पण होता होता राहिला, तो रजिस्टरला नोंदवायचा. टायटॅनिक बुडायच्या आधी रॉबर्टसनने माझ्या मते तेच केलं, फक्त गोष्टीच्या रूपात.

सगळ्या कथा अशा नाहीत. करोनाचं भाकीत म्हणून तेव्हा फिरलेलं एका कादंबरीतलं 'वुहान-४००' विषाणूचं पान आठवत असेल. डीन कूंट्झच्या १९८१ च्या त्या कादंबरीत विषाणूचं नाव आधी 'गोर्की-४००' होतं, रशियातल्या शहरावरून. १९८९ च्या आवृत्तीत ते वुहान झालं. ई-रीडरमधल्या शोध-सोयीने पुस्तकभर तो शब्द शोधला, तर तिथला विषाणू लागला की माणूस चार तासांत दुसऱ्यांना लागण करू लागतो, आणि तो जवळजवळ कोणालाच सोडत नाही. करोनाशी याचं काही जुळत नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनी पुस्तक उघडलंच नव्हतं, आणि करोनात घरातली माणसं गमावलेल्यांना असले मेसेज पाठवणं मला आजही वाईट वाटतं.

आपल्याकडे गोदावरीला पाणी चढायला लागलं की सगळं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. त्यावरून सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवतात. याला कोणी भविष्य म्हणत नाही. जाणत्या माणसाची कादंबरीही अशीच वाचायला हवी.

बोटींचा तो उतारा मी हायलाइट करून ठेवला होता. मार्चमध्ये आमच्या स्टोअरमध्ये राउंडला गेलो. तिथला एक फायर एक्स्टिंग्विशर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुतळीने घट्ट बांधलेला, आणि समोर छातीएवढी पॅलेटची थप्पी. तपासणीच्या टॅगवर सह्या सगळ्या वेळेवर. त्यातली एक माझी होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या सेफ्टीच्या छोट्या बैठकीला, नेहमीच्या सूचना बाजूला ठेवल्या आणि तो उतारा मराठी करून वाचून दाखवला. कोणी काही बोललं नाही. स्टोअरमधल्या मामांनी चहाच्या आधीच सुतळी कापली, आणि थप्पी आम्ही दोघांनी मिळून हलवली.